धवल्याचा सरवा

आमच्या घरात कोणाचंही लग्न ठरलं की सुपारी फुटायच्या आत माझी एक गोष्ट निघते. ती मीच आधी सांगून टाकते. दुसऱ्या कोणी सांगितली तर त्यात माझं नाक जरा जास्तच वाहत असतं.

मुळात मला एका जागी बसता येत नाही. आजही येत नाही. हे लिहिताना मी मध्येच दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले, आणि गॅस लावलेलाच नव्हता. लहानपणी आई म्हणायची, "हिला पाटावर बसवली तर पाट चालायला लागंल." शाळेत मला शेवटच्या बाकावर बसवत, ते ढ म्हणून नव्हे, तर मी हलले की पुढच्यांच्या ओळी वाकड्या येत म्हणून.

मी तेव्हा आठवीत होते. आमचं गाव कर्जतपासून चौक गावाच्या अंगाला, भाताच्या खाचरांमध्ये. बाबा रसायनीला एका कारखान्यात पाळीवर जात आणि पाळी नसेल तेव्हा शेतात. शाळा कर्जतला, चालत. आता ज्याला पोरं प्रोजेक्ट म्हणतात त्याला आम्ही 'तक्ता' म्हणायचो. दरवर्षी संमेलनाच्या वेळी शाळेच्या ओसरीवर तक्त्यांची रांग लागायची, आणि दरवर्षी त्या रांगेत कॅलेंडरं कापून चिकटवलेली असायची.

त्या वर्षी मराठीला नवे सर आले होते. घाटावरचे, सडसडीत, सदा हातात खडू. मागच्या वर्षीचे तक्ते कपाटातून काढून त्यांनी आमच्यासमोर ओळीने मांडले. बाजारातल्या वाण्याने त्या साली प्रत्येक गिऱ्हाइकाला किल्ल्यावरच्या सूर्योदयाचं कॅलेंडर वाटलं होतं, त्यामुळे निम्म्या वर्गाने तोच किल्ला चिकटवलेला. एका पोराने तर खालची पट्टीही कापली नव्हती. किल्ल्याखाली ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'उत्तम प्रतीची तूरडाळ'.

"हे चित्र कोणाचं?" सरांनी विचारलं.

"वाण्याचं!" वर्ग म्हणाला.

"वाण्याने काढलं?"

"नाय सर. त्यानं वाटलं."

"मग काढलं कोणी? त्या माणसाचं नाव कुठे आहे? त्याला विचारलंत?"

कॅलेंडरातल्या माणसाला विचारायचं असतं हे आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. सरांनी मग एक पुस्तक उघडून पहिल्या पानाची पाठ दाखवली. तिथे बारीक अक्षरात होतं, 'सर्व हक्क स्वाधीन'. जो करतो त्याचं ते असतं, म्हणाले. चित्र असो, गोष्ट असो, गाणं असो. त्याला कायदा आहे. पस्तीस-चाळीस हात आपापली पुस्तकं चाळू लागले, आणि ज्याला ज्याला ते तीन शब्द सापडले त्याने घाबरून पुस्तक मिटलं. एकाने उठून विचारलं, "सर, मग आमी कविता पाठ केली ती चोरी झाली का?"

"नाही रे. अभ्यासाला घेता येतं. विकायचं नाही, ज्याचं त्याचं नाव लिहायचं, आणि गरजेपुरतंच घ्यायचं."

"गरजेपुरतं म्हणजे किती?" हे मी विचारलं.

सरांनी खडू या हातातून त्या हातात फेकला. "गरजेपुरतं म्हणजे... गरजेपुरतं. तू आधी बस खाली."

पण मी कुठली बसते. त्या वर्षी छापील काही चालणार नाही, घरातलं काहीतरी आणा, असं सर म्हणाले मात्र, मी उभ्या उभ्या ओरडले, "सर, माझी आत्या धवलारीण हाय! मी तिचे धवले लिहून आणते!"

धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं गाणं. हळद लागल्यापासून नवरी सासरी पोहोचेपर्यंत एकेका विधीला एकेक धवला लागतो, आणि ते सगळे जिच्या तोंडी असतात ती धवलारीण. तिच्याशिवाय लग्न लागतच नाही, असं आमची आत्या म्हणायची. सरांचे डोळे चमकले. "तीन धवले. पूर्ण. मोठ्या अक्षरात. ओसरीच्या मधोमध लावू," म्हणाले, आणि लगेच मुख्याध्यापकांच्या खोलीकडे सांगायला गेले. मी आत्याला विचारलेलं नव्हतं. हे मला घरी जाताना अर्ध्या वाटेत आठवलं, आणि तिथून पुढे मी धावत होते की परत फिरत होते ते मलाच कळत नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरणेपणी कपाळ उजाड झालं, पण तिच्या सासूने तिला नुसती परत पाठवली नाही, आपले सगळे धवले तिच्या पदरात घालून पाठवली. तेव्हापासून ती आमच्याच घरी आणि आमच्याच डोक्यावर. लग्नाच्या हंगामात तिला न्यायला टेंपो यायचा आणि ती पुढे ड्रायव्हरशेजारीच बसायची. एकदा एका नवरदेवाच्या मामाला तिने त्या जागेवरून उठवून मागे पाठवला होता. "तुमच्याबिगर लगीन लागंल मामा," म्हणाली होती, "माझ्याबिगर नाय लागणार."

मी तिला तक्त्याचं सांगितलं तेव्हा ती मिसरी लावत होती. बोट तोंडातच राहिलं.

"कागदावर?" तिने विचारलं.

"ओसरीवर लावनार हायेत. मधोमध."

"म्हंजे सगळी वाचनार."

"हो ना!"

"आनि ती दहिवलीची पन वाचनार."

दहिवलीची म्हणजे दहिवलीकडे नवी झालेली एक धवलारीण. आत्यापेक्षा बरीच लहान, चौथीपर्यंत शिकलेली, आणि तिच्याकडे माइक आणि कर्णा होता. आत्या जिथे जिथे गायला जाई तिथे ती मांडवाच्या कडेला उभी राहून ऐके, आणि ऐकून ऐकून आत्याचे बरेचसे धवले तिने उचलले होते. आता लोक आधी तिला विचारू लागले होते. मागच्या हंगामात आत्याचा टेंपो कितीतरी वेळा आलाच नव्हता, आणि ती नवी लुगडी नेसून पडवीत खांबाला टेकून बसली होती. एकच गोष्ट त्या दहिवलीच्या बाईकडे नव्हती, मापाच्या धवल्याचं शेवटचं कडवं.

तेही सांगायला हवं. नवरी सासरी आली की उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवतात, ते ती उजव्या पायाने लवंडते आणि घरात येते. त्या वेळचा धवला आत्या मोठ्याने म्हणायची, पण शेवटचं कडवं म्हणायची वेळ आली की ती नवरीजवळ जाई, आपला पदर दोघींच्या डोक्यावरून ओढून घेई आणि ते कडवं तिच्या कानात म्हणे. नवरी सोडून ते कोणी ऐकत नसे. त्या कडव्याने नवरीचा पाय घरात ठरतो, असं बायका मानत. सांडलेले तांदूळ आत्याचे, आणि अजून जी लग्नं तिच्याकडे येत तीही या कडव्यामुळेच, पाय ठरवायला.

"ते ओसरीवर लागलं," आत्या म्हणाली, "का मग मला कोन इचारतंय? पडवीत बसून माश्या हाकलीन."

"पन मी कबूल केलंय आत्या."

"मग तूच लिव तुझे धवले."

घरात दोन तट पडले. बाबा म्हणाले, "तुला पाठ हायेत ना? मग लिव की. गाणं काय कोनाच्या बापाचं असतंय?" आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "बापाचं नसंल, सासूचं हाय. इचारल्याबिगर एक ओळ उतरवलीस तर बघ." मग मी आईच्या मागे लागले. ती या घरात आली तेव्हा मापाशी आत्यानेच तिच्या कानात कडवं म्हटलं होतं.

"काय म्हटलं गं?"

"मला काय म्हायती. मी रडत व्हते."

"एक तरी शब्द?"

"शब्द नाय आठवत. आत्याच्या मिसरीचा वास आठवतो."

शेवटी सर स्वतः सायकल मारीत घरी आले. आत्याने डोक्यावर पदर घेतला, चहा ठेवायला लावला आणि समोर बसली. सरांनी तिला नीट समजावलं, की आत्याबाई, धवले तुमचे आहेत, खाली तुमचा उल्लेख राहील, विचारल्याशिवाय कोणी घेऊ शकत नाही, कायदा तुमच्या बाजूचा आहे.

"कायदा माझ्या बाजूचा हाय?"

"अगदी."

"मग मास्तर, तुमी कोनाच्या बाजूनं आलाव?"

सरांनी चहा बशीत ओतला. उभ्यानेच पिऊन सायकल काढली. ते गेल्यावर आत्या म्हणाली, "माणूस चांगला हाय, पन तुझ्यासारखाच. बूड टेकत नाय."

मला आता कुठेच चैन पडेना. शाळेत गेले की सर विचारत, "झालं का?" घरी आले की आत्या विचारी, "गेलं का ते खूळ?" मी आडावर पाणी आणायला जाई आणि रिकामी कळशी घेऊन परत येई. धवले मला खरंच पाठ होते. मापाचं ते एक कडवं सोडून सगळे. पाळण्यात असल्यापासून ऐकलेले. कोणाला न विचारता कागदावर उतरवले असते तर कळलंही नसतं, आणि हेच मला बोचत होतं. माझ्याच डोक्यात असलेलं माझं का नाही?

त्या दिवसांत भात कापणी चालू होती. आमच्याकडे कापणी झालेल्या खाचरात वाडीवरच्या बायका सरवा वेचायला येतात. कापताना, भारे बांधताना जे लोंब्या-दाणे खाली पडतात तो सरवा. तो वेचणाऱ्याचा. त्याला मालक नाही म्हणत नाही, म्हटलं तर शेताला बरं नसतं. पण उभ्या पिकाला हात लावायचा नाही आणि बांधलेल्या भाऱ्यातली लोंबी ओढायची नाही. आत्या बांधावर उभी राहून हे सगळं सांभाळायची. एके दिवशी एका बाईचा हात चुकून भाऱ्याकडे गेला तर आत्या ओरडली, "ए बाय! खालचं तुजं, बांधलेलं माजं!" ती बाई हसली, "तुजं बघतेय गं, नेत नाय," आणि पुढे सरकली.

मी बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते. थांबले.

"आत्या," मी म्हटलं, "मग मला सरवा तरी दे."

"घे की. टोपली आन."

"भाताचा नाय. धवल्याचा. लग्नात तू मोठ्यानं म्हनतेस ते खालीच पडतंय ना? तेवढं मी वेचीन. कानात म्हनतेस ते बांधलेलं. त्याला हात लावनार नाय."

 वाडीवरच्या बायका वेचायच्या थांबल्या. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "दे गं. पोरगी रीतीनं मागतेय." आत्याची पंचाईत झाली. सरव्याला नाही म्हणता येत नव्हतं, आणि तेही सगळ्यांसमोर.

"बरं," ती म्हणाली. "पन डोक्यातलं लिवायचं नाय. डोक्यातलं म्हंजे कोठारातलं. पुढच्या लग्नाला चल, तिथं पडंल तेवढंच वेच."

पुढचं लग्न तुळशीनंतर चौकला. नवरदेवाचं घर हमरस्त्याला लागून, शेजारी गॅरेज. मी वेणीत पेन्सिल खोचून टेंपोत मागे बसले. आत्या पुढे. मला वाटलं होतं, बसायचं आणि लिहायचं. आत्याने मला बसूच दिलं नाही. धवल्याची पहिली ओळ म्हणायची आणि दुसरीच्या आधी, "पोरी, हळद आन." हळद आणेपर्यंत चार ओळी गेलेल्या. "पोरी, पानी." "पोरी, सुपारी कुठं ठेवलीस?" मी आयुष्यात इतकी पळाले नाही, आणि पळायची मला आवड होती तरी. पळता पळता कागदावर एकेक ओळ टिपत होते. आत मांडवात धवला, बाहेर ट्रकांचे भोंगे. एक ओळ मी अशी लिहिली होती की तिच्यात देवाच्या नावानंतर 'हॉर्न' आला होता.

पण पडलेलं वेचत वेचत बरंच जमलं. मग मापाची वेळ आली. नवरी उंबऱ्याशी उभी, समोर तांदळाचं माप. आत्याने सुरू केलं,

दारी आली गं नवी सून बाय,
मापाला लागू दे उजवा पाय...

सगळं मोठ्याने झालं. मी सगळं टिपलं. मग आत्याने पदर ओढून घेतला. माझे पाय आपोआप पुढे गेले. मी काही ऐकणार नव्हते, नुसती जवळ जाऊन उभी राहणार होते. वाकले असेन थोडीशी. पदराखालून आत्याचा मोकळा हात बाहेर आला, त्याने माझा कान बरोबर शोधून पिरगळला, आणि आत कडवं चालूच राहिलं.

तक्ता तयार झाला. निळ्या शाईने धवले, तांबड्या शाईने मथळे, खाली लिहिलं, 'हे धवले माझ्या आत्याचे. मोठ्याने म्हटलेले तेवढेच घेतले.' तिसऱ्या, मापाच्या धवल्याखाली दोन ओळींची कोरी जागा सोडली, कारण तिथे काहीतरी आहे हेही सांगायला हवं होतं. सरांनी तो बराच वेळ पाहिला.

"हे अपुरं आहे," म्हणाले.

"सर, गरजेपुरतं आहे."

ते हसले, पण मुख्याध्यापक हसले नाहीत. संमेलनाला पाहुणे येणार होते, आणि ओसरीच्या मधोमध अर्धवट तक्ता कसा चालेल? "पाहुणे यायच्या आत ती जागा भरा, नाहीतर तक्ता उतरवा," म्हणाले. "आणि त्यात काय? दोन ओळीच आहेत. तूच जुळव की."

मी जुळवल्या. खोटं कशाला सांगू, एक आख्खी मधली सुट्टी मैदानाला चकरा मारून जुळवल्या. 'घर माझं छान, सासू महान.' मैत्रिणीला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "हे ऐकून नवरी परत माहेरी जाईल." मी कागद फाडला.

संमेलनाचा दिवस कर्जतच्या बाजाराचा होता, त्यामुळे बाजाराला आलेल्या बायका शाळेत डोकावून गेल्या. कोणीतरी वाचून सांगितलं, की इथं धवले लागलेत, आणि मग माझ्या तक्त्यासमोर लुगड्यांची गर्दी झाली. बायकांना वाचता येत नव्हतं, पण पहिले दोन शब्द ऐकले की बाकीचं त्या स्वतःच म्हणायच्या. कोऱ्या जागेशी आल्या की थांबायच्या.

"हितं काय हाय?"

"ते कानातलं हाय," मी सांगितलं.

"मला म्हायती हाय ते!" एक म्हणाली. "माझ्या कानात म्हटलंय. 'घागर भरून ठेव दारात, माहेर येईल तुझ्या वाऱ्यात.'"

"छ्या! तसं नाय," दुसरी. "'सासूचा बोल पदरी बांध, रडू आलं तर रानात सांड.'"

"तुजं चुकतंय गं. तू तवा रडत व्हतीस."

"आनि तू काय हसत व्हतीस?"

तिसरी पुढे आली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "'पहिला घास धन्याला दे, दुसरा तुजा तूच घे.'" त्यावर सगळ्या हसल्या. "हिलाच बरा मिळाला गं!"

माझं लक्ष गर्दीच्या कडेला होतं. तिथे दहिवलीची उभी होती. ओठ हलवत तक्ता वाचत होती, आणि कोणी काही म्हणालं की तिकडे कान देत होती. तेवढ्यात आमच्या चित्रकलेच्या सरांना वाटलं की आपण मदत करावी. पाहुणे वाटेवर होते. ते आले आणि त्यांनी पेन्सिलने कोऱ्या जागेत घागरीचं कडवं लिहून टाकलं.

आणि आत्या आली. बाजारातून थेट, पिशवीत सुकट. कोणीतरी तिला ते लिहिलेलं वाचून दाखवलं.  पाण्याच्या टाकीकडे गेली, तोंड न धुताच परत आली. पुन्हा ओसरीच्या टोकापर्यंत गेली, परत आली. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला माझ्यासारखी चालताना पाहत होते. तिची अडचण मला दिसत होती. चूक आहे म्हणावं तर बरोबर काय ते विचारणार. बरोबर आहे म्हणावं तर दहिवलीची घेऊन जाणार.

"पुसा ते," ती शेवटी म्हणाली.

"का? चुकलं का?" चित्रकलेच्या सरांनी विचारलं. मुख्याध्यापक दारातून घड्याळ बघत होते.

"चुकलं म्हटलं का मी? पुसा."

"मग बरोबर असेल तर राहू द्या की आत्याबाई."

आत्याने गर्दीकडे पाहिलं. घागरवाली, सासूवाली, घासवाली, तिघी तिच्याकडे बघत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की आता आपलं खरं ठरणार. दहिवलीची तर पायांच्या बोटांवर उभी होती.

"ते हिचं हाय," आत्या घागरवालीकडे बोट करून म्हणाली. "हिला मी त्येच म्हटलं व्हतं. हिची आई नुकतीच गेली व्हती." मग दुसरीकडे वळली. "हिला सासूचं म्हटलं. हिची सासू मला म्हायती व्हती." बायका खुदखुदल्या. "आनि ही," घासवालीकडे बघत, "ही तवा इतकी रोड व्हती, का मापाला लाथ मारली आनि हीच पडली. हिला म्हटलं, आधी खा."

 मग दहिवलीचीने विचारलं, आणि तिच्या आवाजात कुरापत नव्हती, "मावशे, मग खरं कोनचं?"

"ज्या नवरीचं तिला इचार."

"आनि पुढच्या नवरीचं?"

"ती मापाशी आली का बघू."

मराठीच्या सरांनी खोडरबर घेतलं आणि स्वतः ती जागा पुसली. मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, "सर, हा तक्ता पूर्ण आहे. ही जागा अशीच असते." मुख्याध्यापकांना पटलं की नाही कोण जाणे, पण पाहुणे फाटकाशी आले होते आणि बायका तक्त्यासमोरून हलायला तयार नव्हत्या. तक्ता राहिला. आत्याने मला कोपराने ढोसलं. "ते तुज्या सरांचं काय हाय ते लिव गं खाली. सगळे हक्क..."

"स्वाधीन."

"हां, ते. मोठ्या अक्षरात."

मी लिहिलं. पाहुण्यांनी तो तक्ता पाहिला, "वा" म्हटलं आणि मागच्या वर्षीच्या तूरडाळीच्या किल्ल्याच्या जागी लागलेल्या, एका पोराने हाताने काढलेल्या गाईच्या चित्रापाशी बराच वेळ थांबले. मला बक्षीस काही मिळालं नाही. ते गाईला मिळालं.

पण त्या हंगामात आत्याचा टेंपो चुकला नाही. आपल्या पोरीला 'तिचं तिचं' कडवं हवं, असं बायका हट्टाने म्हणू लागल्या. पुढे पुढे तर दहिवलीची माइकवर मोठ्याने म्हणायचे धवले म्हणे आणि मापाशी आत्याला पुढे करी. टेंपोत पुढे दोघी दाटीवाटीने बसत, आणि ड्रायव्हर दाराशी चिकटून गाडी चालवी.

आत्या त्या दिवशी खरं बोलली, की अंगावर आलेली वेळ तिने हुशारीने मारून नेली, हे मात्र मला आजवर ठरवता आलेलं नाही. सासूने तिला एकच कडवं दिलं असेल आणि रडणाऱ्या बायकांनी आपापलं काहीतरी ऐकलं असेल, असंही होऊ शकतं. मी तिला कितीदा विचारलं. ती म्हणायची, "सरवा वेचून झाला ना तुजा? मग भाऱ्याकडं कशाला बघतेस?" आईला विचारलं तर तिची टेप तीच, मिसरीचा वास.

माझं लग्न झालं तेव्हा पाठराखीण म्हणून आत्याच आली. या वेळी टेंपोत आम्ही दोघी मागे बसलो होतो, आणि तिने वाटभर माझा गुडघा हाताने दाबून धरला होता, कारण तो हलत होता. सासरच्या उंबऱ्यावर माप होतं. तिने धवला म्हटला, अगदी सावकाश, एकही ओळ न गाळता, हळद आण की पाणी आण न म्हणता. मग पदर ओढून घेतला. आत अंधार होता आणि मिसरीचा वास. मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते, नीट ऐकायचं म्हणून. तिने माझ्या कानात म्हटलं, आणि मी ऐकलं, शब्द न शब्द.

आता आत्या नाही. आमच्या घरातल्या ज्या पोरीचं लग्न ठरतं ती माझ्याकडे येऊन बसते आणि म्हणते, "सांग ना, तुझ्या कानात काय म्हटलं होतं?" मी उठते, गॅस बघून येते, खिडकी लावते, परत येते. तोवर पोरीकडे नीट बघून घेते. मग सांगते. प्रत्येकीला वेगळं.